चासी वाचताना : जुन्या सांगाड्यावर नवी गाडी बांधू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

पनवेलजवळच्या कोन गावावरून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले, तर कधी ना कधी एखादी नागडी चासी समोरून जाते. दोन लांब लोखंडी तुळया, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, पुढे इंजिन, खाली चाके, आणि कामचलाऊ बाकड्यावर बसलेला, तोंडाला पंचा गुंडाळलेला ड्रायव्हर. वर छत नाही, बाजूला दार नाही. कारखान्यातून निघून ती बॉडीवाल्याकडे चाललेली असते. आता बहुतेक ट्रक केबिनसकट येतात, त्यामुळे हे दृश्य पूर्वीइतके नेहमीचे राहिलेले नाही. बसच्या चास्या मात्र अजून तशाच उघड्या धावताना दिसतात. लहानपणी मला ती अर्धवट गाडी वाटायची. ती चालते, वळते, थांबते, घाट चढते, म्हणजे गाडीने जे करायचे ते सगळे करते, हे फार उशिरा लक्षात आले.

ज्या विद्येची ही प्रस्तावना आहे, ती या नागड्या चासीपासून सुरू होते. भंगाराच्या वाटेवर असलेल्या गाडीची चासी घ्यायची, ती तपासून, सरळ करून, पुन्हा उभी करायची, आणि तिच्यावर १९३० ते १९५० च्या काळातल्या गाड्यांची आठवण करून देणारे नवे अंग चढवायचे : लांब बॉनेट, सुटे मडगार्ड, उभा रेडिएटर, मागे टांगलेली स्टेपनी. इंग्लंड-अमेरिकेत अशा गाडीला किट कार म्हणतात, कारण तिथे बॉडीचे भाग संच म्हणून विकत मिळतात. आपल्याकडे असा संच क्वचित मिळतो. तो आपणच करावा लागतो, आणि म्हणून आपल्या माणसाला या कामात जास्त शिकावे लागते. या वाटेने येणाऱ्या प्रत्येकाचे मी मनापासून स्वागत करतो. हातात पाना धरलेला असो वा नसो, आयटीआयचा विद्यार्थी असो की निवृत्त झालेला कारकून, सगळ्यांना इथे जागा आहे.

पण आधी एक गैरसमज दूर करू. ही परदेशी चैनीची गोष्ट आहे, आपल्याकडे तिला मूळ नाही, असे मला अनेकदा ऐकवले गेले आहे. खरे तर चासी आणि बॉडी वेगळ्या मानणे हीच गाडी बांधण्याची जुनी रीत आहे. बैलगाडीची साटी आखावरून उतरवता येते. आख एका कारागिराच्या हातचा, साटी दुसऱ्याच्या, चाकाची धाव लोहाराने चढवलेली. रोल्स-रॉइस कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिऱ्हाइकाला चासीच विकत असे. बॉडी बांधून घ्यायची ती हूपर, बार्कर, मलिनर अशा कोचबांधणाऱ्यांकडून. संस्थानिकांच्या ज्या गाड्यांसमोर आज प्रदर्शनात गर्दी होते, त्या अशाच दोन घरच्या आहेत. आणि जी रीत लंडनमध्ये महाराजांसाठी होती, तीच आपल्याकडे एसटीसाठी होती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांमध्ये विकत घेतलेल्या चासीवर हजारो गाड्यांच्या बॉड्या बांधल्या. दापोडीच्या कामगाराला कुणी कोचबिल्डर म्हटले नाही, एवढाच फरक. पत्रा कापणे, रिव्हेट मारणे, खिडकीची चौकट चासी हलली तरी न तडकेल अशी बसवणे, हे ज्ञान महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून पळस्प्याच्या फाट्यापर्यंत हिंडून पाहा. ट्रकचा हौदा बांधणारे, स्प्रिंगचे पाटे दुरुस्त करणारे, लेथवर शाफ्ट उतरवणारे, रेडिएटरला डाग देणारे, सगळे इथे आहेत. कोनमध्ये गिरणी कामगारांसाठी २०१६ च्या सोडतीत ठेवलेल्या घरांच्या इमारती उभ्या आहेत. ज्यांनी आयुष्यभर साच्यांची देखभाल केली, त्या फिटर-टर्नरांची पिढी त्या सोडतीची वाट पाहत म्हातारी झाली. त्या हातांना जे येते ते कुठल्याही पुस्तकात पूर्ण उतरलेले नाही. हे विखुरलेले ज्ञान एका सूत्रात ओवणे, एवढेच नवे काम आपल्याला करायचे आहे.

बाहेरच्या जगातला इतिहासही थोडक्यात माहीत असावा, कारण त्यात कारणे सापडतात. युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये पूर्ण तयार गाडीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर तो नव्हता. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने सेव्हन ही गाडी आणली आणि ती सुट्या भागांत विकली. सोबत जोडणीची कृती देणे नियमात बसत नव्हते, म्हणून गाडी कशी सोडवावी याची कृती दिली जाई आणि गिऱ्हाईक ती उलटी वाचे, असे सांगतात. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. तोवर मात्र हजारो सामान्य माणसांना कळून चुकले होते, की गाडी घरी बांधता येते. करातल्या एका फटीतून एक विद्या जन्माला आली. अमेरिकेत ब्रूस मायर्स यांनी १९६४ च्या सुमारास फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर फायबरची बग्गी बसवली, आणि समुद्रकाठी फिरणाऱ्या गाड्यांची एक नवी जातच तयार झाली.

इथे दोन गाड्यांपाशी जरा थांबायला हवे. १९५९ ची ट्रायम्फ हेरल्ड ही त्यातली पहिली. त्या काळी छोट्या मोटारी वेगळी चासी सोडून अखंड कवचाच्या, म्हणजे मोनोकॉक बांधणीच्या, होऊ लागल्या होत्या. हेरल्डला मात्र वेगळी चासी ठेवावी लागली. पूर्वी स्टँडर्ड-ट्रायम्फच्या बॉड्या बनवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेली होती. एकच मोठे कवच दाबून देणारे कुणी उरले नव्हते. म्हणून मिकेलॉटी या इटालियन रचनाकाराने आखलेली बॉडी तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या ठिकाणी बनवून चासीवर बोल्टांनी बसवायची, असा मार्ग काढला गेला. अडचणीतून निघालेल्या या उपायाचा फायदा पुढे घरी गाडी बांधणाऱ्यांना झाला. बोल्ट काढा, बॉडी उचला, खाली चालती चासी तयार. इंग्लंडमध्ये हेरल्डवर जुन्या वळणाच्या कितीतरी गाड्या बांधल्या गेल्या. हीच हेरल्ड १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने भारतात काढली, आणि एके काळी ती मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर सर्रास दिसे. दुसरी गाडी बीटल. तिच्या दोन चाकांमधले अंतर, म्हणजे पुढच्या आखापासून मागच्या आखापर्यंतचे, ९४.५ इंच. १९४० च्या दशकातल्या एमजी टीसी या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीचे तेच अंतर ९४ इंच. बीटलवर एमजीची नक्कल का चढली, याचे उत्तर या अर्ध्या इंचाच्या फरकात आहे.

आपल्याकडे सहज मिळणारी वेगळी चासी म्हणजे जीपची. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या घराण्याच्या गाड्या पुढे अनेक दशके निघत राहिल्या. शिडीसारखी सरळ चासी, चारही कोपऱ्यांत पाटे, उघडे नट-बोल्ट. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत तर जुन्या जीपांवर नव्या बॉड्या चढवणारा अख्खा बाजार उभा राहिला. आपल्या गावांत वरातीसाठी जी फुलांनी सजवलेली ‘विंटेज’ मोटार येते, तिच्या खाली वाकून पाहिले तर पुष्कळदा जीपचेच पाटे दिसतात. त्या गाड्यांना हसू नये असे मला वाटते. त्या बांधणाऱ्याने प्रमाणाचा प्रश्न आपल्या परीने सोडवलेला असतो. तो नीट सोडवता यावा म्हणून तर हे शास्त्र. आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बांधली. तिला इंजिन होते इसुझूचे १.८ लिटरचे, हिंदुस्थान मोटर्सच्या गाड्यांमध्ये येई तेच. तिचा सांगाडा जुन्या गाडीचा नव्हता, त्यामुळे ती आपल्या विषयाच्या उंबरठ्यावर उभी आहे. पण चालू बाजारातले भाग घेऊन जुन्या रूपाची गाडी इथे होऊ शकते, हे तिने दाखवले.

पद्मिनी घेऊ का, हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. प्रश्नामागची माया मी समजू शकतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप घेऊन घराघरात पोहोचलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. पण पद्मिनीला वेगळी चासी नाही. तिचे छत, खांब, फरशी, दाराखालची पट्टी हे सगळे मिळून तिचा सांगाडा आहे. छत कापले की अंड्याचे कवच फोडल्यासारखे होते. उरलेला भाग स्वतःचे वजन पेलेल, पण खड्ड्यात एक चाक गेले की दारे लागेनाशी होतात. ॲम्बेसेडरचेही तेच. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आख घ्या, जरूर घ्या. पण ते बसवायला चासी दुसरी हवी.

आता प्रमाण. जुन्या गाडीचे सौंदर्य मडगार्डच्या वळणात किंवा गोल दिव्यांत असते, असा नवख्याचा समज असतो. मुळात ते असते पुढचे चाक आणि बसणारा माणूस यांच्यातल्या अंतरात. १९३० च्या काळातल्या उत्तम गाड्यांमध्ये रेडिएटर पुढच्या आखाच्या रेषेवर किंवा किंचित मागे उभा असे, इंजिन त्याच्या मागे, आणि माणूस जवळजवळ मागच्या आखाला टेकून बसे. म्हणून बॉनेट लांब दिसे आणि चाक गाडीच्या पुढे झेपावल्यासारखे वाटे. जीपमध्ये इंजिन पुढे सरकलेले असते आणि दोन आखांमधले अंतर, जुन्या सीजे-३बीचे, फक्त ८० इंच. एमजीपेक्षा १४ इंच कमी. त्याच जागी नुसती नवी बॉडी चढवली, की गाडी बुटकी आणि फुगलेली दिसते. वरातीच्या गाड्यांमध्ये खटकते ते हेच. उपाय दोन. चासी लांबवायची, नाहीतर इंजिन आणि गिअरबॉक्स मागे सरकवून, प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून, बसणाऱ्यालाही मागे न्यायचे. दोन्हीत जोखीम आहे. पहिल्यात जास्त, कारण तिथे तुळई कापावी लागते. म्हणून माझा आग्रह असतो, की कागदावर आधी चित्र काढा, चाके आणि माणूस सोडून त्यात काही दाखवू नका. तीन रेषांत गाडी देखणी दिसत नसेल, तर मडगार्डने ती देखणी होणार नाही.

चित्र झाले की चासी वाचायची. ‘वाचायची’ हा शब्द मी जाणून वापरतो. वीस-तीस वर्षे धावलेल्या लोखंडावर सगळे लिहिलेले असते. साधने घरचीच : ओळंबा, गुण्या, पाणसळ, खडू, दोरी आणि चांगली पोलादी टेप. चासी चार घोड्यांवर समतळ ठेवा. पाट्यांच्या पिनांसारख्या, कारखान्यात ठरलेल्या जागांवरून ओळंबा सोडा आणि फरशीवर खडूने खूण करा. मग चासी बाजूला घ्या आणि फरशीवर उमटलेला नकाशा मोजा. समोरासमोरचे कर्ण जुळले पाहिजेत. माझी पहिली चासी मी नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने सरळ मानली होती. बॉडीची चौकट तयार झाल्यावर एक दार लागेना. मग ओळंबा सोडला, तेव्हा दोन कर्णांत ११ मिलिमीटरचा फरक निघाला. चार महिन्यांचे काम उतरवावे लागले. तेव्हापासून मी कुणालाही खडूच्या खुणांआधी वेल्डिंगचा दिवा पेटवू देत नाही.

आमच्या गावाचे नाव कोन, आणि या कामात सर्वात जास्त वेळ जातो तो कोनांवर. पुढच्या चाकाची खुंटी मागे किती कललेली, स्टिअरिंगचा दांडा किती तिरका, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे सांधे एकमेकांशी कसे. गाडीतून वजन काढले की पाटे वर येतात, आखाचा कल बदलतो आणि स्टिअरिंग हातात सरळ राहीनासे होते. जुनी पोलादी बॉडी उतरवून हलकी फायबरची चढवल्यावर हे हमखास घडते. मग पाट्यांच्या जुडग्यातला एखादा पाटा काढावा लागतो. तेवढ्याने भागत नाही. मागचे वजन कमी झाले की मागचे ब्रेक आधी आवळतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीचे शेपूट फिरते. पनवेलच्या पावसात ही चूक फार महाग पडते. म्हणून बॉडी पूर्ण झाल्यावर गाडी काट्यावर नेऊन पुढचा आख आणि मागचा आख वेगवेगळा तोलून पाहणे, हे रंग देण्याइतकेच आवश्यक काम मानावे.

गंजाविषयी कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. उघड्या नालीची, म्हणजे सी आकाराची, तुळई निदान आपले दुखणे दाखवते. पेटीसारखी बंद तुळई आतून गंजते आणि बाहेरून रंग शाबूत असतो. छोट्या हातोडीने सगळीकडे ठोकत जा. खणखणीत आवाज जिथे बसका होतो, तिथे लोखंड पातळ झाले आहे. पाट्यांचे कान जिथे तुळईला जोडलेले असतात आणि जिथे चिखल साचून राहतो, तिथे हमखास शोधा.

पण बंद तुळईचा एक मोठा गुण आहे, आणि तो समजला की चासीचे निम्मे शास्त्र समजले. १०० मिलिमीटर उंच, ५० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पत्र्याची एक चौकोनी नळी घ्या. तिला पीळ द्यायचा प्रयत्न करा. ती दाद देत नाही. आता तिच्या एका बाजूला लांबीभर फक्त एक चीर द्या. लोखंड तेवढेच, वजन तेवढेच, पण पिळाविरुद्धची तिची ताठरता तीनशे पटींहून जास्त घटते. गणित साधे आहे : बंद नळीत ताण सगळ्या परिघाभोवती फिरू शकतो, चीर दिली की ते फिरणे तुटते आणि प्रत्येक भिंत एकटी पडते. काड्यापेटीचे बाहेरचे खोके आधी अखंड आणि मग एक कड कापून पिळून पाहा, हातालाच कळेल. शिडीसारख्या उघड्या चासीची हीच दुर्बळ बाजू. ट्रकमध्ये तो दोष नाही, उलट खडबडीत रस्त्यावर चासी थोडी पिळली जाणे सोयीचे असते. म्हणूनच हौदा बांधणारे तो चासीवर लाकडी पट्टी ठेवून यू-बोल्टने आवळतात, वेल्ड करत नाहीत. तुळईच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडू नये, पाडायचेच तर मधल्या उभ्या भागात पाडावे. कडेवर आडवे वेल्डिंग करू नये, कारण तापलेल्या जागेच्या काठाशी पुढे तडा जातो. या गोष्टी पदवीच्या पुस्तकात आहेत, आणि आमच्या रस्त्यावरच्या हौदेवाल्या मिस्त्रीच्या तोंडीही आहेत. मी त्या दोन्हीकडे ऐकल्या. मिस्त्रीकडे आधी.

बॉडीसाठी दोन जुने मार्ग आहेत. लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा, किंवा फायबर. पहिल्याला हातोडा आणि रेतीची पिशवी वापरणारा पत्राकामगार लागतो. असे हात आता कमी आहेत, मिळाले तर त्यांच्याजवळ बसावे. दुसऱ्यासाठी रायगड जिल्ह्याइतकी चांगली शाळा शोधून सापडणार नाही, कारण पेण आपल्या शेजारी आहे. गणपतीची मूर्ती कशी होते ते आठवा. आधी एक मूळ मूर्ती घडते, तिच्यावरून साचा निघतो, आणि साच्यातून पुढच्या मूर्ती. साचा सुटावा म्हणून कुठे कड तिरकी ठेवायची, कुठे साचा दोन तुकड्यांत करायचा, सांधा कुठे लपवायचा, हे पेणच्या कारखान्यातला पोरसवदा कारागीरही जाणतो. मोटारीच्या मडगार्डचा साचा याहून वेगळा नाही. लाकूड, थर्माकोल आणि लांबी, म्हणजे पुट्टी, यांतून मूळ आकार घडवायचा, आरशासारखा घासायचा, त्यावर मेणाचा थर, मग जेलकोट, मग काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन. किनाऱ्यावरच्या मासेमारी होड्याही आता पुष्कळशा अशाच बनतात.

इथे एक इशारा ठळकपणे दिलाच पाहिजे. पॉलिएस्टर रेझिन सुकवायला त्यात कोबाल्टचा प्रवेगक आणि एमईकेपी नावाचा हार्डनर पडतो, हार्डनर साधारण शंभराला एक ते दोन भाग. हे दोघे कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच दुसरा. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि आपल्या भागापुरती एक सूचना : जूनपासून सप्टेंबरपर्यंत फायबरचे काम काढू नका. दमट हवेत जेलकोट चिकट राहतो, थरांत ओल अडकते आणि पुढच्या उन्हाळ्यात फोड उठतात. पावसाळा ब्रेक, वायरिंग आणि वाचनासाठी ठेवावा.

कायद्याचे प्रकरण लोक शेवटी वाचतात. ते चासी विकत घेण्याआधी वाचावे, अशी माझी विनंती आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. म्हणजे जीपच्या पुस्तकावर रोडस्टर चालवता येणार नाही. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली, पण तीत गाडी मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी त्या दारातून आत जात नाही. नव्याने गाडी बनवून रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुन्याची चाचणी द्यावी लागते. अशा चाचणी संस्थांपैकी तीन महाराष्ट्रात आहेत : पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) व्हीआरडीई. एकट्यादुकट्याला हा खर्च पेलणारा नाही. इंग्लंडमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला क्रमांक देण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही तशी सोय व्हावी, हे मी आग्रहाने म्हणतो. ती आली तर एमएच-४६ च्या पाटीखाली पनवेलच्या पोरांनी बांधलेल्या गाड्या उजळ माथ्याने फिरतील. तोवर खासगी आवार, बंदिस्त ट्रॅक, प्रदर्शन आणि शिकवणीचा वर्ग हेच आपले रस्ते. पळवाट सुचवणारा कुणी भेटला तर त्याच्याकडून चासी घेऊ नका.

मग एवढा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्याला मी इचलकरंजीचे नाव सांगतो. तिथल्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची सुमारे दोन दशके ‘मीरा’ नावाची छोटी, स्वस्त मोटार स्वतः घडवली, एकामागून एक नमुने सुधारत नेले. ती मोठ्या प्रमाणावर कधी निघाली नाही. पण एका गावातल्या माणसाने गाडीचा प्रत्येक भाग स्वतःच्या डोक्यातून काढला, ही गोष्ट माझ्या दृष्टीने विक्रीच्या आकड्याहून मोठी आहे. कुलकर्णींनी सगळेच नवे केले. आपण निम्मे जुने घेतो आणि त्याचे ऋण मानतो. म्हणून माझा एक नियम आहे. गाडी पुरी झाली की तिच्या डॅशबोर्डवर एक छोटी पितळी पट्टी लावायची, तिच्यावर मूळ गाडीचे नाव, तिचे साल आणि चासीचा क्रमांक कोरायचा. नक्कल अस्सल म्हणून दाखवली की दोन्ही गाड्यांचा अपमान होतो. पट्टी असली की पाहणारा आपणहून विचारतो, आणि मग हेरल्डची, जीपची, तिच्या आधीच्या मालकाची गोष्ट सांगता येते.

पुढच्या प्रकरणांचा क्रम कामाच्या क्रमाने आहे, पण वाचकाने तो पाळलाच पाहिजे असे नाही. ज्याला लाकूड येते त्याने बॉडीच्या चौकटीपासून सुरुवात करावी, ज्याला वीज कळते त्याने वायरिंगपासून. मापे दोन्ही पद्धतींत दिली आहेत, कारण जुन्या गाड्या इंचांत जन्मल्या आणि आपली टेप मिलिमीटरची आहे. नटांचेही तसेच, तेव्हा दोन्ही प्रकारचे पाने जवळ ठेवावेत. शब्द मी गॅरेजचेच ठेवले आहेत. चासीला चासी म्हटले आहे, पाट्यांना पाटे, लांबीला लांबी. जिथे कारागिरांत दोन शब्द चालतात तिथे दोन्ही दिले आहेत. ज्याच्याकडे अजून चासी नाही, त्याने पहिले प्रकरण वाचून एखाद्या रविवारी ओळखीच्या गॅरेजात जावे, बॉडी उतरवलेली कुठलीही गाडी पाहावी, आणि मालकाची परवानगी घेऊन तिच्याखाली ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा कराव्यात. खुणा पुसायच्या आधी कर्ण मोजून वहीत लिहून ठेवावेत. दुसऱ्या प्रकरणात त्याच आकड्यांवरून सुरुवात होते.